झुकतं माप

माझं काम आवाजांचं.
ब्युनोस आयरेसमध्ये, बोएदोतल्या एका माडीवर,
दाराची कडी मी, जिन्यावरची पावलं मी,
आणि मंगळवारी-शुक्रवारी साडेसहाला
सेराफिनचं किराणा दुकान:
पत्र्याचा तराजू, पोतंभर सुका घेवडा.

सेराफिन म्हणजे गालिसियाहून बोटीने आलेला वाणी.
आमच्या शहरात एवढं सांगितलं
की पुढचं सांगावं लागत नसे.
जाड भुवया, कानामागे पेन्सिल,
डोक्यात कांदेबटाटे.
तीन दुणे पाच म्हणायचा
आणि न्हाव्याच्या दुकानात, खानावळीत
माणसं रेडिओभोवती पोट धरून हसायची.
मीही. माइकपासून तोंड वळवून.

लिहायची देल्मीरा औतेइरिन्यो.
पहिल्याच दिवशी मी विचारलं,
बाई, तुमचं आडनाव तिकडचंच ना?
हो, म्हणाली,
म्हणून तर पेन्सिल कुठे असते ते ठाऊक आहे.

कागदाच्या कडेला तिचं बारीक अक्षर:
'एक किलो म्हणतो. सव्वा ओत.'
अहो, पाव किलोचा फरक
रेडिओवर कुणाला ऐकू येणार?
'मला,' म्हणाली.
मग मी सव्वा ओतत राहिलो.
कपडे धुणारी एर्सीलिया आली, सव्वा.
गोदीत हात मोडलेला तो पोरगा आला,
तीन पाव दिले, मोजले दोन.
वकिलाची स्वयंपाकीण आली
तेव्हा हिशेब सेंटाव्होपर्यंत चोख.
त्यात हसण्यासारखं काही नव्हतं,
म्हणून कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

एकेचाळिसाव्या भागात इन्स्पेक्टर येतो,
वही उघडतो.
नाव, चूक. नाव, चूक.
पानामागून पान.
एकही चूक वाण्याच्या फायद्याची नाही.
एकही चूक पैसेवाल्याच्या फायद्याची नाही.
'म्हणजे तुम्हाला हिशेब येतो,' इन्स्पेक्टर म्हणतो.
आन्सेल्मोने, आमच्या नटाने,
आयुष्यभर कमावलेला तो बोबडा हेल
तेवढ्या एका वाक्यापुरता खाली ठेवला:
'येतो. पण लोक हसत होते
तोवर कुणी वही मागितली नव्हती.'

मग कागदावर सात सेकंद काहीच नाही.
घेवड्याचा डाव हातात धरून मी उभा.
शांततेसाठी माझ्याकडे अवजार नव्हतं.

पत्रं आली. साबणवाल्या कंपनीचं पहिलं:
विनोद कमी पडतोय.
आवेल्यानेदाच्या एका खऱ्या वाण्याचं:
आता गिऱ्हाइकं डोळा मारून विचारतात,
काय, आमच्या वेळी नाही का चुकणार? वैताग आलाय.
रविवारी मांस भाजता भाजता माझा मेहुणा म्हणाला,
असेल एखादा हुशार,
आणि तोच जुना विनोद सांगितला,
दिवा बदलायला किती जण लागतात त्याचा.
मी हसलो.
जरा उशिरा, पण हसलो.
खोटं कशाला सांगू?

शेवटच्या भागाला देल्मीराची आई आली होती.
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात भांडी घासलेली,
काळ्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली बाई.
काचेपलीकडे बसून तिने सगळं ऐकलं.
कसं वाटलं, आई?
'छान आहे,' म्हणाली.
मग हातमोजे घालता घालता:
'पण आपल्याला साधी बेरीज येते
एवढं पटवायला, मारे,
आधी संत व्हावं लागतं का गं?'

देल्मीरा काही बोलली नाही.
दिवा मालवून मी निघालो
तेव्हाही ती टेबलाशी होती.

मार्चमध्ये नवी मालिका आली.
वाणी पुन्हा गालिसियाचाच.
पत्त्यांत हरतो, बायकोशी भांडतो,
उधारी मागायला लाजत नाही,
कानात केस आहेत,
पेन्सिल कुठे ठेवतो ते लिहिलेलं नाही.
पहिल्या पानाच्या कडेला बारीक अक्षर:
'एक किलो म्हणतो.
एक किलोच ओत.'